केळ्याच्या पिठात नाचणी

पहिला डबा परत आला तेव्हा मी पडवीत शाळेच्या वह्या तपासत बसलो होतो. आमच्या घरातून गेलेला पिठाचा डबा भरलेलाच परत यावा, असे त्यापूर्वी कधी झाले नव्हते. रिकामे डबे येत, धुऊन पुसून, पुन्हा भरून घेण्यासाठी. हा भरलेला होता, आणि तो घेऊन आलेली पलीकडच्या पाखाडीतली किरिस्तांव आजी इतकी तापली होती की तिने पायरीवर टेकायचेही नाकारले.

“काय भरलंयस ह्यात?”

“पीठच आहे, आजी.”

“पीठ? तपकीर आहे ही. नातू थुंकला माझ्या अंगावर. आणि शिजवलं तर शिजतच नाही. ढवळतेय, ढवळतेय, आणि समोर काय, तर तांदळाचं धुवण!”

“ते मुद्दाम तसं केलंय, आजी. पीठ सुधारलंय आम्ही.”

“सुधारलंय?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “का रे बाबा, त्याला काय झालं होतं?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते, चांगले पानभर होते. ती ऐकायला थांबली नाही. डबा पायरीवर ठेवून, छत्री उघडून, बांधावरून निघून गेली. आई दारात उभी राहून सगळे ऐकत होती. तिने डबा उचलला, पदराने पुसला आणि आत फळीवर नेऊन ठेवला. 

वसईजवळ उमेळ्याला आमची केळीची वाडी होती. (आमच्या घरातली बोली वेगळी. इथे मी सगळ्यांचे बोलणे शाळेच्या मराठीत लिहितो आहे, नाहीतर वसईबाहेरच्या माणसाला ते कळायचे नाही.) राजेळी केळी पिकायच्या आधी उतरवून आई त्यांचे पीठ करी. उन्हाळ्यात पहाटेच कामाला लागायचे. केळी बांबूच्या पातीने सोलायची, कारण लोखंडाच्या सुरीने ती काळी पडतात. मग पातळ चकत्या करून मांडवावर चटईवर वाळवायच्या, खणखणीत वाळल्या की कुटायच्या आणि मलमलीतून गाळायच्या. गाळलेले पीठ पांढुरके दिसे, त्यावर किंचित पिवळी झाक असे. पावसाळ्याच्या तोंडाला ते डब्यांत भरून ठेवले की पुढची उन्हे येईपर्यंत पुरे. दात न आलेली मुले, दात गेलेली माणसे, तापातून उठलेले रोगी, ज्यांना जेवण जात नाही अशा सर्वांचे दोन वेळचे जेवण म्हणजे हे पीठ. पाण्यात किंवा दुधात शिजवले की वाटीभर पुरते. आणि उपासाला चालते. या कामासाठी आईचे उखळ, मुसळ आणि गाळणे वेगळे होते. त्यांना धान्याचा कण लागलेला तिला खपत नसे. आम्हां भावंडांना त्या उखळावर नुसते बसायलाही मनाई होती.

मी घरातला पहिला पदवीधर. माझे शिक्षण दोन घरांच्या जिवावर झाले, एक आमचे आणि दुसरे वसईतल्या माझ्या मास्तरांचे. उमेळ्याहून चालत शाळेत जाणारा मी दुपारी उपाशी राहतो, हे मास्तरांनी पाहिले आणि मला घरी नेले. त्या दिवसापासून मॅट्रिक होईपर्यंत मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मला दुपारचे जेवण वाढले. पहिले वर्षभर पान ओसरीवर मांडले जाई, कारण आमची जात वेगळी. नंतर एकदा पाऊस ओसरीवर आला तेव्हा काकूंनी ते आत घेतले आणि पुन्हा कधी बाहेर मांडले नाही. त्या स्वतः मात्र आमच्या घरचे शिजवलेले खात नसत. आईने सणाला काही पाठवले तर ते मास्तरांना वाढीत, आपण हात जोडीत. केळ्याचे पीठ तेवढे त्या घेत. ते फळ, नुसते उन्हात वाळवलेले, त्याला आमच्या घरचे पाणीही लागत नसे. त्यामुळे दर पंधरवड्याला आईच्या हातून एक डबा त्यांच्याकडे जाई.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही पुढचे घडले.

बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात अन्नशास्त्र भरलेले होते. स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षे झाली होती, धान्यावर रेशन होते, आणि मुले हडकुळी दिसत. नुसत्या केळ्याच्या पिठात अंगात भरण्यासारखे फारसे काही नाही, पोट तेवढे भरते, हे मला कळले होते. शिवाय त्याची पेज घट्ट होते, म्हणून वाटीत पीठ थोडे आणि पाणीच जास्त जाते. मोड आणलेल्या, वाळवून दळलेल्या नाचणीने या दोन्ही गोष्टी सुधारतात. मोड येताना धान्यात एक पाचक रस तयार होतो. तो घट्ट पेज पातळ करतो, म्हणजे तेवढ्याच वाटीत दुप्पट पीठ घालता येते. मी परसात नाचणी भिजवली, मोड आणले, कडकडीत उन्हात वाळवली आणि जात्यावर स्वतः दळली. आईच्या उखळाला ती लागू दिली नाही, याचे मला तेव्हा समाधान वाटले होते. केळ्याच्या पिठात ती मी मागच्या खोलीत, मोठ्या पातेल्यात, तीनास एक या प्रमाणात मिसळली.

आईला नाचणीबद्दल काही म्हणायचे नव्हते. बाळंतिणीला नाचणी चांगली, हे तिला माझ्या आधीपासून माहीत होते. तिने एकच विचारले,

“आणि उपासवाल्यांचं रे?”

“मी डब्यावर लिहितोय ना, आई. कशाकशाचं आहे ते सगळं लिहितोय.”

“लिहितोयस ना? मग झालं,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

खरोखरच मी लिहिले. चांगला जाड कागद आणून, माझ्या सुवाच्य अक्षरांत, प्रत्येक डब्यासाठी एक चिठ्ठी. वर ‘सुधारित केळीसत्त्व’, खाली ‘घटक : वाळवलेली राजेळी केळी, मोड आणलेली नाचणी’. ‘घटक’ हा शब्द लिहिताना मला फार बरे वाटले. खळीने चिठ्ठ्या चिकटवल्या. जूनमध्ये निकाल लागला, विरारच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला मी रुजू झालो, आणि त्याच आठवड्यात नवे पीठ घरोघर गेले.

त्यानंतर आजीचा तो डबा. दोन दिवसांनी दुसरा परत आला, मग बाजारातल्या दवाखान्याचे कंपाउंडर सायकलवरून स्वतः आले. तापातून उठलेल्या रोग्यांसाठी ते आमचे पीठ घेत आणि दवाखान्याच्या मागे स्वतःच शिजवून देत.

“बीएस्सी, माझी अब्रू घालवलीत तुम्ही,” ते सायकलवरून उतरता उतरता म्हणाले. “रोगी काय म्हणतात ठाऊक आहे? कंपाउंडर वाटीतलं पीठ घरी नेतो आणि आम्हांला पाणी पाजतो! काल एकाच्या बायकोने माझी पिशवी उघडून बघितली.”

“अहो, पातळ झालं म्हणजे त्यात कमी आहे असं नाही. उलट जास्त आहे.”

“हे तुम्ही येऊन सांगा त्या बाईला. मी सांगितलं तर ती म्हणते, बरोबर आहे, चोर असंच बोलतो.”

मी खरेच गेलो. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांना पेजेचे शास्त्र समजावून दिले. माणसे सभ्यपणे ऐकत होती. माझे संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “ते सगळं ठीक आहे मास्तर, पण चमचा उभा राहत नाही हो त्यात.” सगळ्यांनी माना हलवल्या. चमचा उभा राहिला पाहिजे, ही त्या पिठाची परीक्षा होती. वीस वर्षे आईने ती दिली होती, आणि मी महिन्यात नापास झालो होतो.

मला धक्का बसला तो या लोकांच्या धक्क्याचा. मी काही काढून घेतले नव्हते, भर घातली होती. तरी ज्या माणसांनी आईच्या हातचे पीठ आजवर डोळे मिटून घेतले, ती आता डबा उघडून नाकाशी नेत, बोटावर पीठ घेऊन उजेडात बघत. रेशनच्या दिवसांत भेसळ सगळ्यांनी पाहिलेली होती. रंग बदलला, पेज सैल झाली, म्हणजे आमच्याही घरात ती शिरली, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला. तुळिंजच्या एका सासुरवाशिणीने मात्र निरोप पाठवून आणखी एक डबा मागवला, पोर अंग धरू लागले म्हणून. तो निरोप मी आईला तीनदा ऐकवला. “ऐकलं रे,” ती म्हणाली. फळीवर तेव्हा परत आलेले सात डबे होते.

मास्तरांच्या घरून डबा परत आला नव्हता. उलट पंधरा दिवसांऐवजी दहा दिवसांतच दुसरा मागितला होता. ते माझे मोठे समाधान होते. शिकलेल्या घराला कळले, असे मी स्वतःशी म्हणे.

गणेशचतुर्थीला मी त्यांच्याकडे दर्शनाला गेलो. मास्तर ओसरीवरच्या बाकावर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढून त्यांना आता माणसाचा फक्त आकार दिसे. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी माझे डोके चाचपून ओळखले आणि हसले. कार्तिकी एकादशी झाली की मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करायची, असे ठरल्याचे सांगितले. “पहिल्यांदा वर्तमानपत्र वाचीन. मग तुझ्या शाळेतल्या पोरांच्या वह्या आण, तुझ्यापेक्षा जास्त चुका काढतो की नाही बघ.”

काकूंनी माझ्यासमोर मोदकांचे पान ठेवले. स्वतः एक वाटी घेऊन उंबऱ्याशी बसल्या. वाटीत तपकिरी, पातळ पेज होती. ती मी दुरूनही ओळखली असती.

“काकू, तुम्ही मोदक नाही घेतलात?”

“मला कुठला मोदक? आषाढी एकादशीपासून माझं धान्य बंद आहे. चार महिने.” त्यांनी बाहेर, मास्तरांच्या दिशेने हलकेच मान केली. “देवाला बोलले आहे. तांदूळ नाही, गहू नाही, कणभर काही नाही. ह्यांची दृष्टी येऊ दे म्हणजे झालं. तुझ्या आईच्या पिठावरच तर निभावतंय. यंदाचं फार छान झालंय हो. पातळ होतं, घशाखाली सहज उतरतं. दोन्ही वेळा तेच घेते.”

माझ्या हातातला मोदक हातातच राहिला. मला आठवते, मी भिंतीकडे बघितले. कोनाड्यात आमचा डबा होता, चिठ्ठी पुढे करून नीट ठेवलेला. माझे अक्षर होते म्हणून त्यांनी ते दर्शनी ठेवले होते. त्या घरात वाचणारे माणूस एकच, आणि त्याला आता दिसत नव्हते.

 मोदक खाल्ला, पाया पडलो, बाहेर आलो. वसईपासून उमेळ्यापर्यंतचा रस्ता कसा चाललो ते आज आठवत नाही.

आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी सांगितले तसे तिचे हात थांबले.

“पण तू लिहिलं होतंस ना?”

“लिहिलं होतं.”

“मग?”

“काकूंना वाचता येत नाही, आई.”

ती सूप बाजूला ठेवून माझ्याकडे बघू लागली. रागाने नव्हे. तिच्या चेहऱ्यावरचा तो धक्का मी पुन्हा कधी पाहिला नाही. “मला तरी कुठे येतं रे?” ती म्हणाली. “मला वाटलं, लिहिलं की कळतं. तू म्हणालास, लिहितोय. मला वाटलं, त्यात काहीतरी असेल.”

मग ती उठली. मी तिला सांगत होतो की न कळता खाल्ल्याने व्रत मोडत नाही, शास्त्रातही तसे आहे, आणि आता सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला लावायचा. आजपासून आपण नुसत्या केळ्याचे देऊ, त्यांना कळणारही नाही. मी पुष्कळ बोललो. आई हातपाय धुऊन, लुगडे बदलून समोर आली.

“चल,” ती म्हणाली. “आत्ता.”

तिच्याबरोबर मी परत गेलो. बोलायचे मलाच होते. काकू आईला बघून आनंदल्या, पाट मांडू लागल्या. मी उभ्यानेच सांगितले. पिठात नाचणी आहे. चौथा हिस्सा. आषाढापासूनच्या सगळ्या डब्यांत.

काकू पाट हातात धरून तशाच राहिल्या. “नाचणी?” त्या म्हणाल्या. मग पुन्हा, अगदी हळू, “नाचणी?”

“चूक माझी आहे, काकू. आईची नाही. आणि अजून एक आहे. नाचणी भिजवलेली होती. आमच्या विहिरीच्या पाण्यात.”

त्यांनी हात वर करून मला थांबवले. “पाण्याचं जाऊ दे. पाण्याचं मला काही नाही. धान्य किती दिवस गेलं माझ्या पोटात ते सांग.”

“जवळजवळ दोन महिने.”

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली, मध्येच मोजणे सोडले आणि खाली बसल्या. ओसरीवरून मास्तरांचा आवाज आला, “अगं, तुला माहीत नव्हतं. न कळता झालं त्याचा दोष कसला?”

“मला माहीत नव्हतं,” काकू म्हणाल्या. “पोटाला माहीत होतं ना?”

 थोड्या वेळाने त्या उठल्या, कोनाड्यातला डबा घेऊन परसात गेल्या आणि पीठ केळीच्या आळ्यात ओतून आल्या. तोंड धुतले. देवापुढे जाऊन हात जोडले, आणि बाहेर येऊन मास्तरांना म्हणाल्या, “आजपासून परत चार महिने. तोपर्यंत डोळ्यांना सुरी लावू द्यायची नाही.”

“डॉक्टरांनी दिवस दिलाय.”

“दुसरा मागा.”

मास्तर विज्ञान मानणारे होते. मला वाटले ते हसून उडवून लावतील, रागावतील. मी मनातून तशी इच्छा करत होतो. पण त्यांनी काकूंच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, “बरं. इतके दिवस वाचलं नाही, अजून दोन महिने नाही वाचलं.” आणि मला जवळ बोलावून, आवाज खाली आणून, “तू लिहिलंस, पण वाचणार कोण ते बघितलं नाहीस. शाळेत शिकवतोस ना?” एवढेच. चौदा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला याहून कडक काही कधी म्हटले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटल्यावर घरोघर गेलो आणि ज्यांच्याकडे डबे होते त्यांना तोंडाने सांगितले. आणखी दोन बायकांच्या एकादश्या त्यात गेल्या होत्या. एकीने कपाळावर हात मारला, दुसरी रडली. किरिस्तांव आजी सगळे ऐकून म्हणाली, “आम्हांला नाचणीचं काही नाही बाबा, पण आधी सांगितलं असतंस तर मी त्याची आंबील तरी केली असती.” पुढे मी रोज संध्याकाळी मास्तरांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो. आईने राहिलेल्या चकत्या आपल्या उखळात कुटल्या आणि नुसत्या केळ्याचा डबा घेऊन काकूंकडे गेली. काकूंनी तिला चुलीशेजारी बसवले, आणि ती पुढ्यात असतानाच पीठ शिजवून खाल्ले.

पौषात व्रत पुरे झाले. शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा आला, जाड भिंगाच्या चष्म्याने मास्तर वाचू लागले. डावा आला नाही. मोतीबिंदू फार पिकला होता, असे डॉक्टर म्हणाले. दोन महिने आधी केले असते तर, असे मी विचारले. नक्की सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्या घरात या गोष्टीचा उच्चार कोणी केला नाही, आणि काकू तर माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत, वाढत, चेष्टा करत. मी मात्र आजही कार्तिकाचे आणि पौषाचे अंतर मनात मोजतो. शास्त्र शिकलेल्या माणसाला त्यातले किती आपल्यामुळे झाले हे मोजणे टाळता येत नाही.

पुढच्या आषाढात काकू स्वतः उमेळ्याला आल्या, टांग्याने, आपला डबा घेऊन. मी पडवीतच होतो. मी उठून डबा हातात घेतला.

“नुसतं केळं आहे ना?” त्यांनी विचारले.

“नुसतं केळं, काकू.”

“असं,” त्या म्हणाल्या, मायेनेच म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरून आत बघत हाक मारली, “अहो, आई आहेत का याच्या? जरा बाहेर या. तुम्हांला एक विचारायचं आहे.”